पगाराचा बुडखा



या पानावर मी एरवी लागणीचं अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. मी काही लेबर ऑफिसर नव्हे, शेती पदविका घेतलेला शेती खात्यातला माणूस. पण गटात फिरताना उसाच्या खालोखाल कुठला विषय निघत असेल, तर तो पगाराचा. कुणाचा मुलगा कारखान्यात हंगामी आहे, कुणाचा एम.आय.डी.सी.त लागलाय, कुणाचा जावई दुसऱ्या कारखान्यात पॅनवर आहे. शिवाय वार्षिक सभेत खर्चाचं पान उघडलं, की कामगारांच्या पगाराच्या आकड्यावर बोट हे ठेवलं जातंच. तेव्हा पगार म्हणजे नेमकं काय, त्यातला मूळ पगार कशाला म्हणतात आणि त्याच्यावर एवढं काय अवलंबून असतं, हे टाइम ऑफिसातल्या मंडळींकडून समजून घेऊन आपल्यापुढं मांडतो आहे.

दोन कागद

गोष्ट २०१७ सालची. आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या. एक सभासद गट ऑफिसात आले, नोंद झाली, तरी उठेनात. मग बंडीच्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून टेबलावर ठेवले. मुलगा आय.टी.आय. झालेला, फिटर. त्याला एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक कागद औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचा, दुसरा एका साखर कारखान्याचा, कायम जागेचा.

कंपनीचा एकूण पगार महिना १८,००० रुपये. कारखान्याचा १७,०००.

"साहेब, हजार रुपये जास्त मिळत्यात. ह्यात इचार कसला करायचा?" सभासद म्हणाले. "पण पोरगं म्हणतंय, एकदा कुणाला तरी दाखवा."

मी कागद वाचले. कंपनीच्या कागदावर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ८,००० रुपये होते. घरभाडे भत्ता ४,०००, प्रवास भत्ता १,६०० आणि विशेष भत्ता ४,४००. कारखान्याच्या कागदावर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,५००, घरभाडे १,४५० आणि किरकोळ भत्ते १,०५०.

मी त्यांना म्हटलं, "मामा, ऊस तोडताना मी तुम्हाला दरवर्षी काय सांगतो?"

"जमिनीलगत तोडा म्हणता."

"का?"

"बुडख्यात साखर असती."

"मग हे दोन्ही पगार आपण बुडख्यापासून मोजू. शेंड्याकडनं नको."

मूळ म्हणजे काय

मूळ पगार समजायला आपलं उसाचं बिलच घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं एफ.आर.पी. क्विंटलला ३५५ रुपये जाहीर केली, म्हणजे टनाला ३,५५०. ही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्याच्या वर दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा ११.२५ पडला तर टनाला ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. जो राहील तो आपल्या हातात येणारा दर. पुढं कारखान्याची परिस्थिती चांगली असली, तर दुसरा हप्ता, दिवाळीचा हप्ता.

आता यातलं कायद्यानं आपलं काय आहे? एफ.आर.पी. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत ती मिळाली नाही, तर १५ टक्के व्याज मागायचा हक्क १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं आपल्याला दिलेला आहे. दिवाळीचा हप्ता चांगलाच असतो, पण तो आला तर आला. त्यावर व्याज मागता येत नाही.

पगाराचंही तसंच आहे. मूळ पगार हा कामाचा ठरलेला दर. त्याला जोडून महागाई भत्ता असतो. बाजारभाव चढले की निर्देशांकाप्रमाणे तो चढतो आणि बहुतेक हिशोबांत तो मूळ पगाराच्या जोडीनंच धरला जातो. या दोघांच्या वर मग घरभाडं, प्रवास, धुलाई, वैद्यकीय, विशेष असे भत्ते येतात. या सगळ्यांची बेरीज म्हणजे एकूण पगार. त्यातून कपाती गेल्या की हातात पडणारा पगार.

माणूस सहसा शेवटचा आकडा बघतो. ते साहजिक आहे, कारण किराणा त्याच आकड्यातून भरायचा असतो. पण नोकरीतले पुढचे सगळे हक्क मोजले जातात ते पहिल्या आकड्यावर. भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि बोनस मूळ पगार व महागाई भत्ता धरून काढतात. वार्षिक वाढ बहुधा मूळ पगारावर. रजेचा पगार काढतानाही बहुतेक ठिकाणी हेच दोन आकडे बघतात. आणि घरभाडंसुद्धा कित्येक ठिकाणी मूळ पगाराच्या टक्केवारीत असतं, म्हणजे तेही बुडख्यावरच उगवतं.

गट ऑफिसातला हिशोब

त्या दिवशी नोंदवहीच्या मागच्या पानावर जो हिशोब केला, तो इथं देतो. बाकीच्या बारीक कपाती सोडून दिल्या आहेत.

पहिली गोष्ट फंडाची. कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक घालतो. कंपनीत ८,००० च्या १२ टक्के, म्हणजे ९६० रुपये कपात. हातात १७,०४०. कारखान्यात १४,५०० वर १,७४० रुपये कपात. हातात १५,२६०. म्हणजे हातात पडणाऱ्या पैशात १,७८० रुपयांचा फरक! सभासद लगेच म्हणाले, "बघा, हजाराचं पावणेदोन हजार झालं की."

पण कापलेले पैसे गेले कुठं? ते मुलाच्याच नावावर व्याजानं पडतात. कारखान्यात तो महिन्याला ७८० रुपये जास्त साठवतो. आणि त्याच्या जोडीला कारखानाही ७८० रुपये जास्त घालतो. दोन्ही मिळून १,५६०. हे १,७८० मधून वजा केले, तर उरले २२०.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. कायम कामगाराला साधारणपणे ५ वर्षं नोकरी पुरी झाल्यावर दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार असा तिचा हक्क मिळतो. महिन्याचे २६ दिवस धरतात. ८,००० वर वर्षाला ४,६१५ रुपये होतात, १४,५०० वर ८,३६५. फरक ३,७५० रुपये, महिन्याला साधारण ३१२. आता २२० मधून ३१२ वजा करा. जी नोकरी महिना १,७८० रुपयांनी मागं दिसत होती, ती ९२ रुपयांनी पुढं निघाली.

पगार अजिबात वाढला नाही असं धरलं, तरी २० वर्षांनी ग्रॅच्युइटीतच ७५,००० रुपयांचा फरक पडतो. आणि पगार तर वाढतोच. मूळ पगार व महागाई भत्त्यावर ५ टक्के वाढ धरली, तर पहिल्याच वर्षी कंपनीत ४०० रुपये वाढतात, कारखान्यात ७२५. पुढच्या वर्षीची वाढ या वाढलेल्या आकड्यावर. फुटवा जसा फुटव्याला येतो तसं हे चालतं.

तिसरी गोष्ट पेन्शनची. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. १९९५ च्या पेन्शन योजनेचा हिशोब सोपा आहे. शेवटच्या ५ वर्षांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराला सप्टेंबर २०१४ पासून १५,००० ची मर्यादा आहे. ३० वर्षं नोकरी धरली, तर ८,००० वर महिना ३,४२९ रुपये पेन्शन बसते, १४,५०० वर ६,२१४. ही रक्कम थोडकी आहे हे खरं. पण म्हातारपणी औषधपाण्याला ३,४०० येणं आणि ६,२०० येणं यातलं अंतर घरात बसलेल्या माणसालाच कळतं.

चौथी गोष्ट बोनसची. इथं मात्र त्या मुलाला फारसा फरक पडत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के ही १९६५ च्या कायद्यानं घातलेली चौकट आहे. पण हिशोबाला धरायच्या पगारावर मर्यादा आहे. त्या वेळी ती ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी होती. त्यामुळं कायद्यानं पडणारा बोनस दोन्हीकडं जवळपास सारखाच. मूळ पगार मोठा म्हणजे सगळंच मोठं, असा गैरसमज नको.

पुढं काय झालं

एवढा हिशोब होऊनसुद्धा मुलगा कंपनीतच गेला. त्यात त्याची चूक होती असं मी म्हणणार नाही. घरात विहिरीचं कर्ज होतं, हप्ता महिन्याचा महिन्याला भरायचा होता. तिथं २० वर्षांनंतरची ग्रॅच्युइटी उपयोगाची नव्हती, हातातले १,७८० रुपये उपयोगाचे होते. शिवाय कंपनी घरापासून जवळ. गरज असली की माणूस शेंड्याकडूनच मोजतो.

२०२० साल आलं. मार्चअखेर टाळेबंदी लागली. त्या कंपनीनं माणसं कमी केली नाहीत, मूळ पगाराला हात लावला नाही, घरभाडंही चालू ठेवलं. फक्त प्रवास भत्ता आणि विशेष भत्ता काही महिने थांबवला. मधल्या तीन वर्षांत मूळ पगारात थोडी वाढ झाली होती, पण हे दोन भत्ते मिळून ६,००० रुपये ज्या महिन्यात थांबले, त्या महिन्यात घरातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. कर्जाचा हप्ता तर तेवढाच होता.

मामा त्या वर्षी खोडव्याच्या नोंदीला आले, तेव्हा तोंडाला पंचा गुंडाळलेला होता. म्हणाले, "साहेब, शेंडा वाळला बघा." एवढंच. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंही.

दुसरी बाजूही सांगतो. नाहीतर मी कारखान्याचा नोकर म्हणून कारखान्याची तरफदारी करतोय असं वाटेल. मूळ पगार कागदावर कितीही चांगला असला, तरी तो वेळेवर झाला पाहिजे. राज्यात काही कारखान्यांत कामगारांचे महिनोन् महिने पगार थकल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. थकलेला मूळ पगार म्हणजे रानातच वाळलेला ऊस. उतारा मोजायला तो गव्हाणीपर्यंत आला पाहिजे. तेव्हा नोकरी बघताना तीन गोष्टी बघाव्यात. मूळ किती, वाढ कशावर आणि पगार होतो किती तारखेला.

कायद्यानं काय केलं

मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे, असा पगार रचायची पद्धत काही त्या एका कंपनीची नव्हती. त्यामागं सरळ हिशोब आहे. मालकानं मूळ पगारात १०० रुपये वाढवले, की त्याला फंडाचे १२ रुपये आणि ग्रॅच्युइटीचे जवळपास ५ रुपये वर घालावे लागतात. म्हणजे १०० ला ११७. तेच १०० रुपये भत्त्यात दिले तर १०० लाच भागतं.

याला दोन वेळा आळा बसला. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की जो भत्ता सगळ्या कामगारांना सरसकट आणि नेहमी दिला जातो, त्याला नाव काहीही दिलं तरी फंडासाठी तो मूळ पगारातच धरायचा. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्याख्येप्रमाणे वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेन्शन भत्ता. बाकीचे भत्ते बाहेर राहतात, पण ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवायची. बोनस आणि ग्रॅच्युइटीच्या जुन्या कायद्यांतल्या तरतुदीही आता याच संहितांत आल्या आहेत.

मामांच्या मुलाचा तो जुना कागद या नियमात घालून बघा. एकूण १८,०००, निम्मे ९,०००. भत्ते होते १०,०००. म्हणजे वरचे १,००० रुपये वेतनात आले आणि ८,००० चे ९,००० झाले. कायद्यानं बुडखा थोडा वाढवला. तरी १४,५०० आणि ९,००० यांत अंतर राहिलंच. कायदा निम्म्यापर्यंत आणून सोडतो, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.

आपल्या साखर धंद्यातला पगार

साखर कारखान्यांत मूळ पगार ठरवायची पद्धत जुनी आहे. पूर्वी ज्या त्या कारखान्याचा पगार वेगळा असे. १९५७ साली केंद्र सरकारनं साखर उद्योगासाठी पहिलं वेतन मंडळ नेमलं. दुसरं १९६५ ला, तिसरं १९८५ ला. त्यातून कामाच्या प्रतीप्रमाणे वेतनश्रेणी आल्या. पॅनमनचा दर्जा कोणता, फिटरचा कोणता, हमालाचा कोणता हे कागदावर ठरलं. महाराष्ट्रात आता हे काम शासन, कारखाने आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती करते. तेव्हा वर्तमानपत्रात "साखर कामगारांना अमुक टक्के वाढ" असं वाचलं, की पहिला प्रश्न विचारायचा, 'कशावर?' एकूण पगारावर १० टक्के वेगळे आणि मूळ पगारावर १० टक्के वेगळे.

आपल्या धंद्याची आणखी एक खासियत म्हणजे हंगामी कामगार. पट्टा पडला, की त्याचं काम संपतं. पण पुढच्या हंगामाला तो परत यावा, त्याचं कसब दुसरीकडं जाऊ नये, म्हणून बिगर हंगामात त्याला रिटेन्शन भत्ता देण्याची पद्धत आहे. तो काढताना त्याचा पगार आणि प्रत बघतात. कुशल कामगाराला जास्त टक्के, अकुशलाला कमी. गावात काही जण याला "घरी बसून पगार" म्हणतात. तसं म्हणणं बरोबर नाही. आपण बेण्याचा प्लॉट राखून ठेवतो, त्याला पाणी देतो, तो काही रिकामा खर्च नसतो. कायद्यानंही हा भत्ता वेतनातच धरलेला आहे.

हंगामी माणसाच्या ग्रॅच्युइटीला मात्र दर वर्षाला १५ दिवस नव्हे, तर दर हंगामामागं ७ दिवसांचा पगार मिळतो. हंगाम मोजले जातात, म्हणून हजेरीची नोंद महत्त्वाची. ज्यांची मुलं हंगामी आहेत, त्यांनी प्रत्येक हंगामाची पगाराची चिठ्ठी जपून ठेवायला सांगावं. सात-बारा जपतो तशी.

ज्यांना बुडखाच नाही

हे सगळं लिहिताना मला राहून राहून आपल्या फडातली माणसं आठवतात. ऊसतोड कामगाराला मूळ पगार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. डोकी सेंटर असो की गाडी सेंटर, मोजमाप टनावर. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती टनांनी फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती चांगली गोष्ट झाली. पण दर कितीही वाढला, तरी गुणाकार टनाशी आहे. टन शून्य, तर कमाई शून्य.

कामगाराच्या घरात आजारपण आलं, तर त्याला पगारी रजा आहे. कोयत्याला नाही. मधेच अवकाळी झाला, गाड्या रानात रुतल्या, कारखान्यात बिघाड होऊन गव्हाण थांबली, तर कायम कामगाराचा पगार चालू राहतो. फडातली चूल मात्र उचलीवरच पेटते.

इथं आपल्या हातात एक गोष्ट आहे. वजन वाढावं म्हणून तोडणीच्या तोंडावर पाणी सोडायची सवय आपल्यात आहे. मी वर्षानुवर्षं सांगतो, की त्यानं उतारा खाली येतो. आज दुसरं कारण सांगतो. तुमच्या फडात पाणी उभं असलं, म्हणजे टोळी एक-दोन दिवस बसून राहते. त्या दिवसांचा त्यांना कुणी दाम देत नाही. रस्ता नीट नाही म्हणून गाडी अर्धा दिवस अडकली, तरी तेच. पाणी वेळेवर तोडणं, बांधावरून गाडीला वाट करून ठेवणं, पडलेल्या उसाची आधी कल्पना देणं, एवढं केलं तरी एका कोयत्याची हंगामात काही टनांची कमाई वाचते. आपलं यात काही जात नाही.

मालक म्हणून आणि बाप म्हणून

सभासदाची अडचण मला कळते. कारखान्याचा तो मालक आहे. पगारावरचा खर्च वाढला, की साखरेच्या उत्पादन खर्चात तो येतो आणि शेवटी उसाच्या दरावर बोलणं येतं. मूळ पगारात १०० वाढले की कारखान्याला ११७ पडतात, हे मी वर सांगितलंच आहे. मग सभेत कुणीतरी म्हणतं, "भत्ते द्या, मूळला हात लावू नका." मालक म्हणून ते बरोबर वाटतं.

पण संध्याकाळी तोच सभासद घरी जातो आणि मुलाच्या पगाराची चिठ्ठी हातात घेतो. तेव्हा त्याला मूळ मोठा हवा असतो. उसाच्या बिलात आपण म्हणतो, "हप्त्याचं पुढं बघू, आधी एफ.आर.पी. द्या." कामगार म्हणतो, "भत्त्याचं पुढं बघू, आधी मूळ धरा." दोघं एकच गोष्ट मागतात. जे ठरलेलं आहे, ज्याच्यावर पुढचं मोजलं जातं, ते पक्कं असावं. तेव्हा सभेत पगाराच्या आकड्यावर जरूर प्रश्न विचारा. माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत का, जादा कामाचे तास का वाढले, हंगाम कमी दिवस का चालला, हे विचाराच. जादा काम दुप्पट दरानं पडतं, तिथं बचत नक्की होते. पण बुडख्याला कोयता लावून बचत करू नका. तिथं तोडलेला ऊस वजनालाही कमी भरतो आणि उताऱ्यालाही.

आणि शेवटी सगळं येऊन थांबतं ते गाळपावर. कारखान्याला पूर्ण हंगाम पुरेल एवढा ऊस मिळाला, तर हंगामी माणसाचे दिवस भरतात, कायम माणसाचा पगार वेळेवर होतो, कोयत्याचे टन भरतात आणि आपली एफ.आर.पी. १४ दिवसांत पडते. नोंद आपल्या कारखान्याला आणि ऊस ऐन वेळी दुसऱ्याला, असं झालं, की यातलं प्रत्येक जण थोडं थोडं उपाशी राहतं.

मामांचा मुलगा अजून त्याच कंपनीत आहे. टाळेबंदीनंतर भत्ते परत चालू झाले. गेल्या वर्षी त्याची बढती झाली, तेव्हा साहेबानं विचारलं, वाढ कशी हवी? त्यानं सांगितलं, मूळ पगारात द्या, थोडी कमी चालेल. हे मामांनी मला बांधावर उभं राहून सांगितलं, आणि लगेच विचारलं, "खोडव्याला पाचट ठेवू का जाळू?"

पाचट जाळू नये. ते का, हे पुढच्या अंकात लिहीन. तोवर घरात ज्याला पगार आहे, त्याची चिठ्ठी एकदा मागून घ्या आणि पहिल्या ओळीपासून वाचा. शंका असली, तर गट ऑफिसला कागद घेऊन या. नोंदवहीची मागची पानं अजून कोरी आहेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी